कॅमचे सॉफ्टवेअर कोणी निवडावे?

(कोल्हापूर येथे लहान यंत्रशाळांतील कामगार व त्यांचे सहकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा संक्षिप्त भाग)

मला येथे बोलावण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. तुमच्यापैकी सहा जणांनी कारखाना बंद पडल्यावर हाती आलेल्या ग्रॅच्युइटीच्या आणि फंडाच्या पैशांतून दोन जुनी व्हीएमसी यंत्रे घेतली. आता त्या यंत्रांसाठी कॅमचे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे आहे. तीन विक्रेते येऊन गेले. तिघांनीही आपापले नमुने पडद्यावर कापून दाखविले. त्यांपैकी एकाने सांगितलेली रक्कम जवळजवळ एका यंत्राच्या किमतीएवढी आहे. ‘तुम्ही सांगाल ते घेऊ,’ असे या मित्रांनी मला कळविले. मी नाव सांगणार नाही. का सांगणार नाही, तेवढेच आज बोलणार आहे.

जे कार्यकर्ते यंत्रावर उभे राहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. संगणकनियंत्रित यंत्राला कोठून कोठे, किती वेगाने आणि कोणते टूल घेऊन जायचे, हे ओळीमागून ओळ लिहून द्यावे लागते. जी ०० म्हणजे न कापता झपाट्याने सरकणे, जी ०१ म्हणजे कापत सरळ जाणे, जी ०२ आणि जी ०३ म्हणजे कमानीत जाणे. साध्या जॉबच्या ओळी माणूस हाताने लिहितो. डायचा किंवा पॅटर्नचा वळणदार पृष्ठभाग असेल तर अशा हजारो ओळी लागतात. त्या संगणकाकडून लिहवून घेण्याचे साधन म्हणजे कॅम. ते प्रथम टूलचा मार्ग आखते. मग ‘पोस्ट प्रोसेसर’ नावाचा एक दुभाषा तो मार्ग आपल्या यंत्राच्या कंट्रोलरला समजेल अशा भाषेत उतरवतो. विक्रेता पडद्यावर दाखवितो तो मार्ग; यंत्र वाचते ती दुभाष्याची भाषा. या दोहोंत किती अंतर असू शकते, हे मी एका टिंबावरून शिकलो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी प्रोग्रामर होतो. नवे सॉफ्टवेअर आले, त्याबरोबर पोस्टही आला. तो अपूर्णांक बरोबर लिही. पूर्णांक आला की मात्र दशांशाचे टिंब गाळी. अनेक कंट्रोलरांवर ‘झेड ५०’ या आकड्यापुढे टिंब असेल तर त्याचा अर्थ ५० मिलिमीटर. टिंब नसेल तर ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. आमचे यंत्र त्यांपैकीच होते. जॉबपासून ५० मिलिमीटर वर उठायचे ते टूल केसभर उठले आणि जी ०० च्या वेगाने क्लॅम्पवर जाऊन आदळले. कटर गेला, स्पिंडलचे बेअरिंग गेले. पडद्यावर मात्र सर्व काही सुरळीत दिसले होते. प्रोग्राम माझा होता आणि तो हवेत चालवून न पाहण्याची चूकही माझीच; परंतु मेमो मिळाला तो ऑपरेटरला. पोस्ट दुरुस्त करून मागितला, तेव्हा त्याचा आकार वेगळा पडेल असे उत्तर आले. तो पोस्ट आम्हांला उघडता येत नव्हता. त्याला कुलूप होते.

म्हणून पहिली अट: पोस्ट तुमच्या यंत्रासाठी हवा, तो तुम्हांला उघडता व बदलता आला पाहिजे, आणि हे पावतीवर लिहून मिळाले पाहिजे. तोंडी आश्वासन विक्रेत्याच्या नोकरीबरोबर बदलते. नमुना त्याचा नको. आपला सगळ्यांत अडचणीचा जॉब त्याच्यापुढे ठेवा आणि निघालेला प्रोग्राम आपल्या यंत्रावर, आपल्या सेटरच्या देखत, आधी हवेत आणि मग धातूत चालवा.

त्याआधी आणखी एक गोष्ट तपासली पाहिजे, ती म्हणजे कॅम लागणार कशाला? कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतून येणाऱ्या ओतकामावर बहुधा फेसिंग, बोअरिंग, ड्रिलिंग, टॅपिंग एवढेच करायचे असते. अशा कामासाठी यंत्राच्या कंट्रोलरवरच प्रश्नोत्तरांच्या पद्धतीने प्रोग्राम करण्याची सोय जपानच्या माझाक कंपनीने १९८१ साली मॅझॅट्रॉल या नावाने आणली, आणि पुढे इतरांनीही तशा सोयी दिल्या. तुमच्या जुन्या यंत्रांत तसे काही आहे का, हे तीन विक्रेत्यांपैकी एकानेही पाहिले नाही. ते त्यांचे कामही नव्हते. महिन्याचे जॉब एका कागदावर मांडा आणि कॅमवाचून अडेल असे किती आहेत, ते मोजा.

अडेल असे काम असेल, तर कॅमचा लाभ खरा आहे. मी त्याचा विरोधक नाही. आजची चांगली सॉफ्टवेअरे खिसा पोकरताना धातूवरील टूलची पकड जवळजवळ एकसारखी ठेवतात. जुन्या पद्धतीच्या मार्गात टूल आतल्या कोपऱ्यात शिरले की पकड एकदम वाढते, आवाज बदलतो, थरथर सुरू होते. मग ऑपरेटर काय करतो? त्याचा हात फीडच्या नॉबवर असतो. तो कानाने ऐकतो आणि नॉब ७० टक्क्यांवर आणतो. कोपरा संपला की पुन्हा शंभरावर. मित्रहो, हे ज्ञान आहे. एखाद्या जॉबला रोज त्याच ठिकाणी नॉब खाली येत असेल, तर प्रोग्राम तेथे चुकलेला आहे आणि ते संगणकापुढे बसलेल्या माणसाच्या आधी यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला कळलेले आहे. प्रश्न इतकाच की, ते संगणकापर्यंत परत जाण्याची वाट कारखान्यात आहे की नाही.

ही वाट बंद होण्याला इतिहास आहे. १९४६-४७ च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने एक पद्धत करून पाहिली होती: कसबी कामगाराने पहिला जॉब हाताने करायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय टेपवर नोंदवायच्या आणि पुढचे जॉब टेपने करायचे. ती मागे पडली. अमेरिकी हवाई दलाच्या पैशावर एमआयटीत विकसित झालेली आकड्यांची पद्धत १९५२ साली प्रात्यक्षिकासह जगापुढे आली आणि तीच रूढ झाली. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ सालच्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात असे मांडले की, या निवडीमागे केवळ तांत्रिक गुण नव्हता. यंत्रावरचा ताबा कामगाराच्या हातून काढून व्यवस्थापनाच्या कचेरीत नेण्याची ओढही होती. त्यांचे सगळेच म्हणणे मला पटत नाही. विमानाच्या पंखाचे किचकट वळण हाताने कापून टेपवर घेणे सोपे नव्हते, हेही खरे आहे. परंतु त्या काळी कामगाराला कोणी विचारले नाही, एवढे निश्चित. तुमच्या कारखान्यात विचारणारे आणि उत्तर देणारे तुम्हीच आहात. प्रोग्राम लिहिणारा एक आणि बटण दाबणारे पाच, अशी वाटणी तुम्ही आपणहून करू नका. दोघांनी तरी शिकले पाहिजे, आणि त्यांपैकी एक सेटर असला पाहिजे.

आता पैशाविषयी. पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतले की ते आपले असे. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये आपल्या बहुतेक उत्पादनांचे कायमचे परवाने विकणे थांबविले आणि इतरही अनेक कंपन्या भाड्याकडे वळल्या. भाडे थांबले की आधी काढून ठेवलेला जी-कोड चालतो. परंतु ड्रॉइंगमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा बदल आला की हात बांधले जातात. भाड्याच्या किंवा फुकटच्या वस्तूच्या अटीही देणारा बदलू शकतो. फ्यूजन ३६० ची हौशी लोकांसाठीची मोफत आवृत्ती होती. ऑक्टोबर २०२० मध्ये तिच्यातून झपाट्याने सरकण्याची आणि आपोआप टूल बदलण्याची सोय काढून घेतली गेली. मालकही बदलतात. डेलकॅम २०१४ मध्ये ऑटोडेस्ककडे गेली. मास्टरकॅम २०२१ मध्ये सँडविककडे, म्हणजे इन्सर्ट विकणाऱ्याकडे गेले. गोदरेज समूहातून निघालेल्या जिओमेट्रिकचे कॅमवर्क्स २०१७ मध्ये एचसीएलकडे गेले. यांपैकी एखादे वाईट आहे असे मी म्हणत नाही. टूलची यादी, कापण्याचे वेग, फिक्स्चरचे तपशील हे तुमच्या कामाचे भांडवल. ते मात्र त्यांच्या फाइलीत अडकवून न ठेवता वेगळ्या वहीत किंवा साध्या तक्त्यात ठेवा.

चोरीच्या प्रतीचा मोह सर्वांना होतो. नोटीस आली तर सहा जणांची ग्रॅच्युइटी वकिलाकडे जाईल, इतकेच सांगतो. मुक्त साधने हवी असतील तर फ्रीकॅड आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली, तिच्यात कॅमचा विभाग आहे आणि त्याचे पोस्ट कोणालाही वाचता येतात. भोके, खिसे, सरळ कडा यांसाठी चिकाटीच्या माणसाला ते पुरते. गुंतागुंतीच्या डायसाठी मी त्यावर भिस्त ठेवणार नाही.

आपल्या या सहा मित्रांशी काल रात्री उशिरापर्यंत बोललो. त्यांनी तिन्ही विक्रेत्यांना एकच पंपाचे आवरण द्यायचे ठरविले आहे. खरेदी महिनाभर पुढे ढकलली आहे. चाचणीच्या दिवशी यंत्रावर त्यांच्यातला सर्वांत जुना सेटर उभा राहील, आणि प्रत्येक प्रोग्रामच्या पहिल्या वीस ओळी तो मोठ्याने वाचील.