कपाळीचे लिहिलेले



मी सातवी शिकलेली बाई. आपण सर्वांनी आग्रह केला म्हणून उभी आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

बाळाची पाचवी पुजताना आपण पाट्यापाशी कोरा कागद नि लेखणी ठेवतो. रात्री सटवाई येऊन कपाळ लिहून जाते, अशी आपली समजूत. जुन्या ग्रीस देशात अशाच तीन बहिणी मानत. एक आयुष्याचा धागा काती, दुसरी मोजी, तिसरी कापी.

कर्णाची कथा आपल्या जिल्ह्याच्या फार जिव्हाळ्याची. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी १९६७ साली 'मृत्युंजय' लिहिली, कोवाडच्या रणजित देसाईंनी १९७३ साली 'राधेय'. पुढे पु. ल. देशपांडे यांनी मराठीत आणलेले 'राजा ओयदिपौस' हे ग्रीक नाटक वाचनात आले, आणि मला कर्णच आठवला.

'हा मुलगा बापाला मारील' असे भाकीत झाले, म्हणून ओयदिपौसाचे घोटे टोचून त्याला डोंगरावर टाकायला दिले. धनगराला दया आली. मूल परक्या राजाघरी वाढले. मोठेपणी 'तू बापाला मारशील, आईशी लग्न करशील' असे भाकीत ऐकून तो घर सोडून पळाला. वाटेत तिठ्यावर भांडणात एका म्हाताऱ्याला मारले. तो त्याचा बाप. पुढे विधवा राणीशी लग्न केले. ती त्याची आई. दैवापासून पळाला, तो दैवाच्याच दारात गेला. सत्य कळताच त्याने स्वतःचे डोळे फोडून घेतले.

कर्णाचे उलटे. युद्धापूर्वी कृष्णाने त्याला जन्म सांगितला, कुंतीनेही सांगितला. तरी तो दुर्योधनाला सोडून गेला नाही. एक न कळून बुडाला, दुसरा कळून.

पण मला वेगळेच टोचते. एकाला डोंगरावर, एकाला पाण्यात, टाकले कोणी? सटवाईने नव्हे, जन्मदात्यांनी. भीतीने, लोकलाजेने. दैवाचे अर्धे काम घरच्या हातांनीच झाले.

माझे माहेर आजरा तालुक्यातले. हायस्कूल लांब, डोंगरातली वाट. सातवीनंतर आजी म्हणाली, "बाई, तुझ्या नशिबात एवढंच." मी मानले. दोन वर्षांनी त्याच वाटेने धाकटा भाऊ सायकलवरून शाळेला जाऊ लागला. मग मला अडवले ते नशिबाने की न मिळालेल्या सायकलीने?

गेल्या वर्षी माझी लेक म्हणाली, "आई, मी नर्सिंगला सांगलीला जाते." भगिनींनो, खोटे कशाला सांगू? आजीचे तेच वाक्य माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले. परवा तिला गाडीत बसवून आले.

तिच्या कपाळी काय लिहिले आहे, मला वाचता येत नाही. निदान माझ्या हाताने त्यात भर नको.