फवारणीची विमाने : आग आणि निगा
(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



विमानातून कीटकनाशक टाकण्याचा पहिला प्रयोग 3 ऑगस्ट 1921 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. लष्करी वैमानिक जॉन मॅक्रेडी यांनी कॅटाल्पा वृक्षांवर लेड आर्सेनेटची भुकटी सोडली. त्यानंतर बरीच वर्षे बहुतेक जुनी लष्करी विमाने या कामाला जुंपली गेली. खास शेतीसाठी आखलेले ‘एजी-1’ हे विमान 1950 साली टेक्सासमध्ये उडाले. त्यात वैमानिकाला औषधाच्या टाकीमागे उंचावर बसवून आदळण्याच्या धक्क्यापासून वाचविण्याचा विचार होता. त्याच अभियंत्याच्या, फ्रेड वाइक यांच्या, ‘पॉनी’ विमानात मात्र इंधनाची टाकी इंजिनामागे धडातच राहिली. ती पंखांत गेली 1970 च्या दशकात. हाडे वाचविण्याची युक्ती आधी सुचली, आगीपासून वाचविण्याची मागाहून! आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे ‘बसंत’ विमान 1972 साली याच कामासाठी उडाले.

आग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आकाशात पेटलेले विमान येते. वस्तुतः तिची तयारी बहुधा जमिनीवरच झालेली असते. द्राक्षावरील भुरीसाठी गंधक वापरणारे शेतकरी येथे असतील. गंधकाची हवेत उडालेली भुकटी सुमारे 200 अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकते आणि इंजिनाची धूरनळी त्याच्या तिपटीहून अधिक तापते. भुकटी घासत बाहेर पडते तेव्हा स्थिर विद्युत साठते, ती निराळीच. म्हणून धुरळणीच्या विमानाचे सर्व धातूचे भाग तारेने एकमेकांस जोडलेले असावे लागतात. ही तार तुटली तर विमान उडायचे थांबत नाही, आणि म्हणूनच ती तुटल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही.

द्रवरूप औषधेही निर्धोक नाहीत. अनेक औषधे झायलीनसारख्या ज्वलनशील द्रावकात विरघळविलेली असतात. पंपाच्या सांध्यातून ती झिरपतात, तेलात मिसळतात, इंजिनाच्या आच्छादनाखाली त्यांचा थर बसतो. खते आणि औषधे पोलादी नळ्यांना आतून गंज चढवितात. यावर उपाय अगदी साधा आहे : दररोज काम संपताच विमान धुणे, नळ्या व सांधे हाताने चाचपून पाहणे, गळती दिसली तर दुसऱ्या दिवशीची फवारणी थांबविणे. हंगामाच्या घाईत नेमके हेच राहून जाते. अमेरिकेत दाट वस्तीवर फवारणी करणाऱ्या विमानाची गेल्या 100 उड्डाणतासांत पूर्ण तपासणी झालेली असावी लागते, तसेच टाकीतील निम्मा भार 45 सेकंदांत टाकून देण्याची सोयही लागते. हलके झालेले विमान लवकर उतरते.

आता आपल्या गावाकडे येऊ. 1971 च्या कीटकनाशक नियमांनी हवाई फवारणीची सूचना किमान 24 तास आधी लोकांना देण्याचे आणि संबंध नसलेली माणसे व जनावरे दूर ठेवण्याचे बंधन घातले. ते विषबाधेसाठी असले तरी आगीतही उपयोगी पडते. धावपट्टीवरील वाळलेले गवत कापून घ्यावे. तापलेल्या धूरनळीखाली ते सहज पेटते. इंधन भरताना विमान, टाकी व जमीन तारेने जोडलेली आहेत ना, हे विचारण्यास संकोच करू नये. आग लागलीच तर वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभे राहावे, कारण कीटकनाशकाचा धूर विषारी असतो. पेटलेल्या इंधनावर पाण्याच्या बादल्या ओतू नयेत, इंधन तरंगून आग पसरते. तेथे कोरड्या भुकटीचे अग्निशामक हवे. विझविताना वापरलेले पाणी विहिरीकडे वाहू देऊ नये.

मे 2020 मध्ये टोळधाड विदर्भापर्यंत आली. त्या वर्षी टोळांवर देशात हेलिकॉप्टरने आणि ड्रोननेही फवारणी झाली. आता ड्रोन गावोगावी येत आहेत. त्यांत पेट्रोल नसते, पण लिथियम बॅटरी असते, आणि फुगलेली किंवा आदळलेली बॅटरी चार्ज करताना पेटू शकते. तिच्यासाठी नियम उलटा : ज्वाळा विझल्या तरी ती पुन्हा पेटते, म्हणून दुरून भरपूर पाणी मारून ती थंड करावी लागते. तेव्हा चार्जिंग शाळेच्या खोलीत किंवा औषधांच्या गोदामात होऊ देऊ नका. त्यासाठी उघड्यावर, सावलीत, कडबा आणि गंजीपासून दूर अशी जागा पंचायतीने याच हंगामाआधी नेमून द्यावी.