डॉक्टरांपुढे खरे सांगू या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली एक साधी गृहिणी. भाषणाची मला सवय नाही. तेव्हा चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे. पण एक गोष्ट कित्येक वर्षे माझ्या मनात सलते आहे, ती आज सांगते.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान २०१९ साली गेले. वय अवघे ४६. दाजी म्हणजे लाख माणूस. कधी रस्त्यात पडले नाहीत, कधी ताईवर हात उचलला नाही. पगार बिनचूक घरी आणीत. मात्र रोज रात्री जेवणाआधी घ्यायचे. आम्ही म्हणायचो, दिवसभर कामाचा शीण, घेतात थोडी.

जाण्याच्या दोन वर्षे आधी त्यांना भूक लागेना, सारखा थकवा येई. दवाखान्यात ताईबरोबर मीही गेले होते. डॉक्टरांनी विचारले, "दारू घेता का?" दाजी म्हणाले, "कधीमधी, सणावाराला." डॉक्टरांनी ताईकडे पाहिले. तिने होकारार्थी मान हलवली. मी खाली पाहत राहिले. घरची गोष्ट बाहेर नेऊ नये, नवऱ्याचा मान राखावा, हेच आम्ही शिकलो होतो! डॉक्टरांनी शक्तीचे औषध लिहून दिले. पुढे कावीळ झाली, पोटात पाणी भरले, आणि एका पहाटे रक्ताची उलटी झाली. राखलेला मान तेव्हा काय कामाला आला?

भगिनींनो, यकृत हा अवयव आपल्या बायकांसारखाच सोशिक. पुष्कळ बिघडेपर्यंत तो दुखत नाही. आधी त्यात चरबी साठते. तेव्हाच दारू सोडली तर ते बहुधा सुधारते. पण पुढे ते टणक होऊन आक्रसले की पूर्ववत होणे कठीण. म्हणून माणूस हिंडता-फिरता आहे तोवरच तपासणी करावी. दारूने रक्तदाबही वाढतो, तोंडाचा व अन्ननलिकेचा कर्करोगही होतो. तिशी उलटलेल्यांचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रातही तपासतात. यकृतासाठी रक्ताची तपासणी असते, डॉक्टरांना वाटले तर सोनोग्राफी. मात्र रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणजे प्यायचा परवाना मिळाला, असे कोणी समजू नये. दुखणे असूनही तो कधी कधी बरोबर येतो. म्हणूनच किती घेतात हे डॉक्टरांना खरे कळले पाहिजे.

"बिअर म्हणजे काही दारू नव्हे," असेही पुरुष म्हणतात. हिशेब ऐका. ६५० मिलिलिटरच्या कडक बिअरच्या एका बाटलीत व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या जवळजवळ चार पेगांइतकी दारू असते!

आणखी एक सांगते. रोज पुष्कळ पिणाऱ्याची बाटली रागाने एकाएकी फेकून देऊ नका. हात थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो, जिवावरही बेतते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण याच कामाचे. तिथे व्यसनाला आजार मानून उपचार करतात.

आता आमच्या घरचे. यजमानांना विचारूनच सांगते. गेल्या वर्षी मी त्यांना तपासणीला नेले. डॉक्टरांनी तोच प्रश्न केला, यांनी तेच उत्तर दिले. मला दाजी आठवले. मी म्हटले, "नाही डॉक्टर, रोज घेतात." दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "बरे झाले बोललीस." सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. मध्यंतरी एकदा पाय घसरला. पण पुन्हा सावरले, आणि दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे आपण होऊन जातात.

संक्रांतीला आपण वाण लुटतो. यंदा त्याआधी एक काम करू या. घरातल्या चाळिशीच्या पुरुषाला तपासणीला नेऊ या, आणि डॉक्टरांनी विचारले तर मान खाली न घालता खरे सांगू या. ताईची ती हललेली मान मला अजून दिसते.