वणव्यापुढे उभे राहणारे आमचे शेजारी
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



१४ एप्रिल म्हटले की आपल्या भागात प्रथम डॉ. बाबासाहेबांची जयंती आठवते, आणि ते उचितच आहे. याच तारखेला १९४४ साली मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. तेथील आग विझविताना मुंबई अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या वीरांना वंदन करून आज आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत, त्यांच्या अंगावर गणवेश नाही आणि दाराशी बंबही नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. त्याआधी वनविभाग जाळरेषा काढतो, म्हणजे जंगलात ठरावीक पट्टे साफ करून जाळून ठेवतो. हंगामापुरते फायर वॉचर नेमतो. अलीकडे पालापाचोळा उडविणारी ब्लोअर यंत्रेही आली आहेत. २००४ पासून उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून येते. परंतु उपग्रह जागा दाखवितो, तेथवर चालत कोणाला तरी जावेच लागते. नगर परिषदेचा बंब डांबरी रस्त्याशी थांबतो. पुढच्या डोंगरावर आणि बांबूच्या बेटांत पोहोचतात ती गावातली माणसे.

ही माणसे आग कशी विझवितात, हे शहरातल्या देणगीदारांना ठाऊक असण्याचे कारण नाही. दुपारच्या वाऱ्यात ज्वाळेच्या तोंडावर कोणी जात नाही. कडेने, जळून गेलेल्या बाजूने, हिरव्या फांद्यांनी आग झोडपत पुढे सरकायचे. काही जण पुढे जाऊन पाचोळा ओढून जमीन उघडी करतात. ऊन उतरले आणि वारा पडला की खरे काम होते, म्हणून पुष्कळदा रात्र जंगलातच जाते. ज्वाळा विझल्या तरी पडलेला ओंडका आतून धुमसत राहतो आणि सकाळच्या वाऱ्याने पुन्हा पेटतो. तो विझेपर्यंत घरी परतायचे नसते.

वणवा आकाशातून पडत नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग लावली जाते. विझविणारे आणि लावणारे कधी कधी एकाच गावचे असतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण ज्या घराची उन्हाळ्यातली रोख मिळकत मोह आणि तेंदूवर चालते, त्या घराशी बोलताना आम्ही तरी आवाज चढवत नाही. झाडाखालची जमीन झाडून घेता येते किंवा जुने लुगडे अंथरता येते. कष्ट मात्र वाढतात.

गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने याहून कठीण निर्णय घेतला. २०१२ मध्ये या गावाला सुमारे १,००० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपानासाठी फांद्या तोडाव्या लागतात आणि आगी लागतात, म्हणून ग्रामसभेने तेंदूचे उत्पन्नच सोडून दिले आणि बांबूवर भर दिला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्येच सुमारे १,८०० हेक्टरांवरील हक्क मिळाला होता. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचे ७९ वे कलम जंगलात हक्क असणाऱ्यांना आग विझविण्यास बांधून घालते. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगल राखण्याचा अधिकारच ग्रामसभेला दिला. काम तेच, पण माणूस ते कोणत्या नात्याने करतो यात फार अंतर आहे.

हे अंतर आम्हाला एका रुग्णाने शिकविले. दोन्ही पावले भाजलेला, चाळिशीतला गृहस्थ रात्री बैलगाडी आणि मग जीप करून आला. प्लास्टिकची चप्पल वितळून तळव्याला चिकटली होती. केसपेपरवर आमच्या कर्मचाऱ्याने ‘वनमजूर’ असे लिहिले. ते वाचून दाखविताच तो म्हणाला, “मजूर नाही जी, जंगल आमचंच आहे.” कोणत्याही मस्टरवर त्याचे नाव नव्हते, त्यामुळे भरपाईचा अर्ज कोणाकडे करावा हे आम्हालाही सुचले नाही. ऐन मोहाच्या दिवसांत तो कित्येक आठवडे चालू शकला नाही. त्याची पत्नी एकटीच फुले वेचत होती. तिने बिलाविषयी विचारले, तेव्हा आपल्या देणगीदारांच्या निधीमुळे आम्हाला मान वर करून उत्तर देता आले. त्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.

येथे बसलेल्या नातेवाइकांनी दोन गोष्टी घरी सांगाव्यात. भाजल्यावर तूप, टूथपेस्ट किंवा चिखल लावू नये. स्वच्छ, वाहते, साधे गार पाणी वीस मिनिटे घालावे आणि मग रुग्णाला हलवावे. आगीवर जाताना नायलॉनचे कपडे आणि प्लास्टिकच्या चपला नकोत. ओला दुपट्टा राख अडवितो, विषारी वायू अडवीत नाही. डोके दुखून गरगरू लागले की मागे यावे. आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात आगीइतकाच उष्माघातही जीव घेतो, म्हणून प्रत्येक टोळीत पाणी वाहणारा एक माणूस वेगळाच असावा.

पुढील १५ फेब्रुवारीच्या आत जवळच्या गावांतील ग्रामसभांशी बोलून प्रथमोपचाराची शिबिरे घ्यावीत आणि प्रत्येक टोळीला सुती कपडे, कातडी बूट व पाण्याच्या पिशव्या द्याव्यात, असा ठराव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. बुटांची मापे घेण्याचे काम परिचारिकांनी आपणहून पत्करले आहे.