गच्चीची किल्ली खिळ्यावर

दुपारचे अडीच वाजलेत. जेवणं उरकली असतील, ओटा आवरून झाला असेल, पंख्याखाली जरा पाठ टेकली असेल. ऐकता ऐकता डोळा लागला तर लागू द्या, आम्ही रागावणार नाही. जाग्या असाल तर मात्र थोडा वेळ आमच्याबरोबर काढा. आज आम्ही आमच्याकडच्या चैत्राच्या बातम्या घेऊन आलोय.

आम्ही म्हणजे आमचा बचत गट. पुण्याच्या पूर्वेला, नगर रस्त्याच्या बाजूला एक सोसायटी आहे. तीन इमारती, सात मजले, 84 फ्लॅट. तिच्या मागच्या भिंतीला लागून एक वस्ती आहे. गटात आम्ही बाराजणी, पाच फ्लॅटमधल्या आणि सात वस्तीतल्या. या सातजणींपैकी सहाजणी सोसायटीतच धुण्याभांड्याला नाहीतर पोळ्यांना येतात. दर महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येकी 200 रुपये जमा करायचे आणि गरज पडेल तिने कर्ज घ्यायचं, एवढाच आमचा कारभार. एक गंमत सांगतो. फ्लॅटमध्ये गेलं की आमच्यातल्या बत्तीस वर्षांच्या पोरीलासुद्धा साठीच्या काकू 'मावशी' म्हणतात. पण पाच तारखेच्या बैठकीत सगळ्याजणी 'ताई'. वहीत सहीपुढेही ताई. सुरुवातीला हे तोंडात बसायला वेळ लागला. आता लागत नाही.

पहिली बातमी पाण्याची. होळी झाली आणि टँकर सुरू झाले. एका टँकरमध्ये दहा हजार लिटर पाणी. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात. एका फ्लॅटमध्ये चार माणसं धरली तर आमच्या सोसायटीला दिवसाला पंचेचाळीस हजार लिटर लागतं. म्हणजे नळाला आलं नाही तर साडेचार टँकर. हा हिशोब आम्ही नोटीस बोर्डवर मोठ्या अक्षरात लावला. लोक लिफ्टची वाट बघताना वाचतात.

मग आम्ही आर.ओ.च्या मशीनखाली बादली लावून बघितली. एका घरात दहा लिटर पिण्याचं पाणी भरेपर्यंत बादलीत पंचवीस लिटर साचलं. ते सगळं मोरीत जात होतं. आता बऱ्याच घरांत ती नळी बादलीत सोडलीय. ते पाणी फरशीला वापरा, संडासात वापरा. कुंड्यांना मात्र रोज घालू नका. टँकरचं किंवा बोअरचं पाणी आधीच क्षाराचं असतं, आणि मशीनमधून बाहेर पडतं ते त्याहून क्षाराचं. तुळस आठवड्यात मान टाकते. आमची एक गेली, म्हणून सांगतो.

दुसरी बातमी उन्हाची. या वर्षी अकरा घरांनी कामाच्या वेळा बदलल्या. दुपारी बारा-एकला येणाऱ्या ताई आता सकाळी सातला येतात आणि अकराच्या आत घरी जातात. घरमालकिणींना थोडी गैरसोय झाली, भांडी रात्रीची सकाळपर्यंत राहतात. पण चटके देणाऱ्या रस्त्यावरून कुणी चालत नाही, हे त्यांनाही पटलं. गेटवर एक माठ ठेवलाय. वॉचमनदादा आहेत, सिलिंडरवाले, पार्सल घेऊन येणारी पोरं आहेत. माठ भरायची पाळी मजल्याप्रमाणे लावून दिली आहे.

आणि हे एवढं पाठ करून ठेवा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ. कुणाला उन्हाने गळून गेल्यासारखं झालं की हे घोट घोट द्यायचं. माणूस बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, शुद्ध हरपायला लागली, तर हा उष्माघात असू शकतो. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागतो. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि 108 नंबरला फोन करा.

आता तिसरी बातमी, गच्चीची. हिच्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

चैत्र-वैशाख म्हणजे आमच्या गटाचा हंगाम. कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस, सांडगे, सांडगी मिरची. फ्लॅटमध्ये हौस सगळ्यांना असते, पण गहू तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलायला, वाटून चीक काढायला आणि पहाटे उठून तो शिजवायला वेळ कुणाला आहे? म्हणून ऑर्डर आम्हाला मिळते. दोन महिन्यांत जे येतं त्यातून जूनमधल्या वह्या-पुस्तकं, गणवेश, फी निघते. वस्तीत घरापुढे वाळवण घालायला जागा नाही, रस्त्याची धूळ उडते. ऊन चांगलं ते सोसायटीच्या गच्चीवर.

पण गच्चीला कुलूप होतं. कमिटीचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं नाही. आधी कुणीतरी वर पार्टी केली होती, बाटल्या फुटल्या होत्या. पोरं टाकीचं झाकण उघडून आत डोकावत होती. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? म्हणून एकच किल्ली, कमिटीतल्या एका दादांकडे. सकाळी उघडून मागायची, काम झालं की कुलूप. आम्ही कबूल केलं.

गेल्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दहा किलो गव्हाच्या कुरडया, शिवाय पापड्या आणि बटाट्याचा कीस असं सगळं वर पसरलेलं होतं. कुरडया अर्ध्या वाळल्या होत्या. जिन्यात पिठाचे पाय उमटले अशी कुणाची तरी तक्रार आली, आणि दुपारी एकला दादांनी कुलूप लावलं. संध्याकाळी उघडतो म्हणाले आणि गाडी काढून कामाला गेले. तीन वाजता पश्चिमेकडून काळं आलं. वारा सुटला. आम्ही चौघीजणी जिन्याने धावत वर गेलो. फोन लावला, तो लागेना. आणि वळीव सुरू झाला.

सातव्या मजल्याच्या वर, बंद दाराच्या अलीकडे आम्ही उभ्या होतो. पत्र्याच्या दारावर पाऊस वाजत होता. दाराखालून पाणी आत यायला लागलं, त्यात साबुदाण्याचे दाणे वाहत आले. आमच्यातली एकजण खाली वाकून ते दाणे ओंजळीत गोळा करत होती. काय करायचं होतं त्यांचं? काहीच नाही. पण तिचे हात थांबेनात. तिच्या मुलीचा अकरावीचा प्रवेश होता आणि तिने गटाकडून कर्ज घेतलेलं होतं.

सामान, गॅस आणि मजुरी धरून 4,800 रुपये गेले. रात्री बैठक घेतली. फ्लॅटमधल्या पाचजणी म्हणाल्या, सोसायटी आमची, कुलूप आमचं, तेव्हा नुकसान आम्ही पाचजणी भरतो. वस्तीतल्या ताईंनी ऐकलं नाही. ज्यांनी ओंजळीत दाणे धरले होते त्याच म्हणाल्या, "गट बारा जणींचा आहे ना? मग बुडालं तेही बारा जणींचंच." प्रत्येकीच्या वाट्याला 400 आले. दोन महिन्यांची बचत. हा मोठेपणा नव्हता, हिशोब होता. पाचजणींनी भरलं असतं तर आमच्यात पुन्हा ताई आणि मावशी झालं असतं.

एक आजी मात्र दुसऱ्या दिवशी दारात आल्या. म्हणाल्या, "माझ्या वाट्याच्या ओल्या कुरडया द्या, भाजी करते, आणि पैसे पूर्ण घ्या." आम्ही भाजी करण्याजोग्या निवडून दिल्या, पैसे घेतले नाहीत. मग आजींनीच सोसायटीच्या वार्षिक सभेत हात वर केला. बाकीचे वाहनतळावर भांडत होते. आजी म्हणाल्या, "गच्ची सगळ्या सभासदांची आहे. आणि पाऊस सोडा, उद्या जिन्यात धूर झाला तर आम्ही म्हाताऱ्यांनी वर जाऊन कुणाला फोन लावायचा?" सभा गप्प झाली. दादाही होते. त्यांनीच पुढे होऊन सांगितलं की त्या दिवशीचं त्यांनाही लागून राहिलंय, आणि किल्ली आपल्याला नकोच आहे.

मग नियम ठरले. किल्ली गेटवर, वॉचमनदादांच्या केबिनमध्ये खिळ्याला. शेजारी वही, नाव आणि वेळ लिहायची. टाक्यांच्या झाकणांना वेगळं कुलूप. मुलं वर असतील तर दोन मोठी माणसं हवीत. कठड्याजवळ खेळायचं नाही. संध्याकाळी सातला बंद. वाळवणानंतर जिना आम्ही पुसायचा. कमिटीची भीती आणि आमची गरज, दोन्ही एका कागदावर मावल्या. या वर्षी 84 पैकी 31 घरांची ऑर्डर आहे.

आता चौथी बातमी, हलक्याफुलक्या वाचनाची. ती गच्चीवरूनच निघाली. वाळवण घातलं की कबुतरं येतात. राखण कोण करणार? परीक्षा संपलेली पोरं. पण पोरांना मोबाईल दिला तर कबुतरांनी कुरडया नेल्या तरी कळणार नाही. म्हणून आजींनी पत्र्याची एक जुनी ट्रंक दिली आणि घराघरांतून पुस्तकं मागितली. 'गोट्या' आला, 'फास्टर फेणे' आला, 'बोक्या सातबंडे' आला. 'किशोर' मासिकाचे जुने अंक आले. हे मासिक बालभारती 1971 पासून काढते, म्हणजे काही घरांत आजोबा आणि नात दोघांचंही ते लहानपणीचं वाचन. मोठ्यांसाठी पु. ल. देशपांड्यांचं 'बटाट्याची चाळ' आहे. 1958 सालचं पुस्तक. चाळीतल्या माणसांची ती थट्टा वाचताना फ्लॅटवाले हसतात आणि मग हळूच म्हणतात, आपल्या कमिटीत हेच चालतं की. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' पण ट्रंकेत आहे. ते कुणी वाचायला नेत नाही, भांडण मिटवायला नेतात.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत सतरंजी टाकून सात-आठ पोरं बसतात. चार सोसायटीतली, चार वस्तीतली. एक पान वाचायचं, एकदा कबुतरं हाकलायची. इंग्रजी शाळेतल्या मुलांना मराठी जोडाक्षरं अडतात, ती वस्तीतली मुलं सांगतात. सांगणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आणि आता ताजी बातमी. परवा मंगळवारी दुपारी पुन्हा वळीव आला. आम्ही खाली दुसऱ्या घाण्याचा चीक शिजवत होतो. वरून पोरांचा ओरडा ऐकू आला, "पाऊस, पाऊस!" आम्ही जिना चढेपर्यंत दार उघडंच होतं आणि वर वीस माणसं होती. कानात यंत्र घालून ऑफिसशी बोलणारा एक मुलगा बोलत बोलतच प्लास्टिकचं एक टोक धरून धावत होता. दुसरं टोक किल्लीवाल्या दादांच्या हातात होतं. त्यांचा शर्ट भिजून अंगाला चिकटला होता. पाच-सात मिनिटांत सगळं आत. एकही कुरडई गेली नाही.

गेलं ते एकच. घाईत ट्रंक उघडी राहिली आणि पुस्तकं भिजली. पोरं रडवेली झाली. आम्ही म्हटलं, अरे, वाळवण वाचलं, आता पुस्तकंही वाळवू. बुधवारी गच्चीवर एका ओळीत पापड्या आणि एका ओळीत पुस्तकं, पानं उलटून ठेवलेली. 'बोक्या सातबंडे' थोडा फुगलाय. बाकी ठीक आहे.

मैत्रिणींनो, तुमच्याही इमारतीला गच्ची असेल. तिची किल्ली कुठे आहे, ते आज संध्याकाळी विचारून बघा. कुणाच्या खिशात असेल तर भांडू नका. त्या माणसाची भीती काय आहे ते आधी ऐका, मग आपली गरज सांगा, आणि दोन्ही वहीत लिहून घ्या. एक खिळा ठोकायला फार खर्च येत नाही. आम्हाला तो कळायला 4,800 रुपये लागले, तुम्हाला फुकटात सांगितला.

ऊन जपा, पाणी जपा. पुढच्या महिन्यात भेटू, तेव्हा कैऱ्या पाडाला लागल्या असतील. नमस्कार.