ईएससी तापतो तेव्हा

फौजेत माझी बरीच वर्षं वर्कशॉपमध्ये गेली. निवृत्तीनंतर वडोदऱ्यात राहायला आलो आणि रेडिओवर उडणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरचा छंद लागला. आज त्यातल्या एकाच दुखण्याबद्दल बोलतो: ईएससी तापणं.

ईएससी म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्यामधला वेग-नियंत्रक. बऱ्याच ईएससींमध्ये बीईसी नावाचं सर्किटही असतं. ते बॅटरीचं व्होल्टेज उतरवून रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देतं. खरा धोका इथे आहे. तापून फक्त मोटर बंद पडली, तर सराव असलेला माणूस ऑटोरोटेशन करून हेलिकॉप्टर खाली आणू शकतो. बीईसी बंद पडला, तर हातातल्या ट्रान्समीटरचा काही उपयोग उरत नाही. फिरत्या पात्यांचं यंत्र मग कुणाच्याही अंगावर जाऊ शकतं.

आमच्या मैदानावर एका तरुणाचं ४५० वर्गाचं हेलिकॉप्टर होतं. ईएससी ४० अँपिअरचा, बॅटरीच्या तारेवरचा मीटर सरासरी २० अँपिअर दाखवत होता, तरी चार मिनिटांच्या उड्डाणानंतर त्यावर बोट ठेववत नव्हतं. तो ६० अँपिअरचा घ्यायला निघाला होता. मी म्हटलं, थांब बाळा, आधी हिशेब करू.

त्याची मोटर ३५०० केव्हीची, म्हणजे भार नसताना दर व्होल्टला ३५०० फेरे. बॅटरी ११.१ व्होल्ट. मोठ्या गिअरला १५० दाते, पिनियनला १३. पूर्ण थ्रॉटलला वरची पाती मिनिटाला साधारण ३३६० फेरे घेणार. त्याला हवे होते २४००. म्हणजे गव्हर्नर थ्रॉटल ७१ टक्क्यांच्या आसपास धरून बसणार.

अर्ध्यामुर्ध्या थ्रॉटलला ईएससी वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. ‘बंद’च्या क्षणीही मोटरच्या वेटोळ्यातला प्रवाह थांबत नाही, तो ईएससीच्या मॉस्फेटमधूनच फिरत राहतो. म्हणून बॅटरीकडे २० अँपिअर दिसले, तरी मोटरकडे २० भागिले ०.७१, म्हणजे सुमारे २८ अँपिअर असतात. मॉस्फेटच्या रोधातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. २० च्या जागी २८ म्हणजे जवळपास दुप्पट. मीटर खरं सांगत होता, पण फक्त बॅटरीच्या बाजूचं.

आम्ही ११ दात्यांचं पिनियन बसवलं. त्याच २४०० फेऱ्यांसाठी थ्रॉटल ८४ टक्क्यांवर गेला, मोटरचा प्रवाह २४ अँपिअरच्या आसपास आला. रोधातली उष्णता सुमारे २८ टक्के घटली, आणि भार वाढला तर गव्हर्नरला वर जायला जागाही राहिली. खर्च एका पिनियनचा.

पण पिनियनला हात लावण्याआधी तपासणीचा क्रम पाळा. पाती काढा आणि मोटरच्या तिन्ही तारा सोडवा. मग मोटर गिअरपासून दूर सरकवून मुख्य शाफ्ट हाताने फिरवा. अडखळला तर बेअरिंग किंवा शेपटीचा पट्टा बघा. मोटर परत लावताना दात्यांमध्ये कागदाची पट्टी धरून अंतर ठेवा; गच्च बसलेले दात वीज फुकट खातात.

मग बीईसी. तो लिनिअर प्रकारचा असेल, तर जास्तीचं व्होल्टेज उष्णता होऊनच बाहेर पडतं. ११.१ व्होल्टवरून ५ व्होल्ट करताना एका अँपिअरला ६.१ वॉट, २२.२ व्होल्टच्या बॅटरीवर तेच १७.२ वॉट. डिजिटल सर्व्हो चार असतील तर वेगळा स्विचिंग बीईसी घ्या.

बॅटरीच्या तारा लांबवू नका. त्याने ईएससीचे कपॅसिटर तापतात. ईएससी फोममध्ये गुंडाळू नका, वारा लागेल तिथे बांधा.

आणि ऋतू लक्षात ठेवा. जानेवारीत २२ अंशांच्या हवेत ६५ पर्यंत जाणारा ईएससी मे महिन्यात ४२ अंशांत ८५ गाठेल. म्हणून प्रत्येक वेळी हवेचं तापमान आणि ईएससीचं तापमान, दोन्ही वहीत लिहा. हवेशी असलेला फरक वाढू लागला, की काहीतरी बिघडतंय. त्या दिवशी उडवू नका. आधी शोधा, मग उडवा.