चेंडू आणि सुटीचा दिवस



फुटबॉलच्या जागतिक सामन्यांवर कामगार संघटनेच्या माणसाने काय बोलावे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. पण खेळायला मैदान लागते आणि मोकळा वेळ लागतो. आपल्या एडवणच्या पोरांना ओहोटी मैदान देते. वेळ मात्र भांडून मिळवावा लागतो.

इंग्लंडात १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांना शनिवारी दुपारी दोनला सुटी मिळाली. हळूहळू ती इतरांनाही लाभली आणि शनिवारची दुपार फुटबॉलची झाली. १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या संघाने इंग्लंडचा मानाचा एफ. ए. चषक जिंकला. त्यात विणकर होते, ओतशाळेतले कामगार होते. हरले कोण? ईटनच्या सरदारी शाळेचे माजी विद्यार्थी!

आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. पुढच्याच वर्षी मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला. हा योगायोग असेल. पण सामना पाहायचा तर सुटी हवीच. आरंभी हा चषक गोऱ्या पलटणींचा होता. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या देशी संघाने तो प्रथम जिंकला.

१९३० साली उरुग्वेत पहिला विश्वचषक झाला. तेरा देश आले. युरोपातले चारच, कारण बोटीचा प्रवास लांबचा. रुमानियाच्या खेळाडूंना नोकरीतून रजा मिळावी म्हणून राजा कॅरोल यांना मध्ये पडावे लागले. आपल्याला रजेसाठी राजा कुठून मिळणार? आपल्याला संघटनाच हवी.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले आणि भारत उपान्त्य फेरीत गेला. एक चेंडू, अकरा माणसे. तेथे लहान देश मोठ्याला पाणी पाजू शकतो. या खेळाची मोहिनी हीच.

पण टाळ्या वाजवताना मैदान कोणी बांधले, तेही विचारा. २०२२ च्या विश्वचषकासाठी कतारमधली स्टेडियमे भारत, नेपाळ, बांगलादेशच्या मजुरांनी रणरणत्या उन्हात उभारली. मालकाच्या परवानगीवाचून नोकरी बदलण्याची मुभा त्यांना २०२० मध्ये मिळाली. तोवर बरेच काम उरकले होते.

बोईसर-तारापूरला पाळीवर जाणाऱ्या पोरांना मी विचारतो, 'रविवारी खेळतोस का रे?' कंत्राटावरचा पोरगा म्हणतो, 'काका, खाडा केला तर पगार कापतात.' मित्रहो, लोखंड्यांनी मिळवलेला रविवार असा गुपचूप हातचा जाऊ देऊ नका. विश्वचषक रात्री जागून जरूर पाहा. पण आपल्या किनाऱ्यावर रविवारी सामना भरेल, एवढी सुटी आधी राखा.